डावीकडचा बाण

कारेगावच्या भाड्याच्या खोलीत आमचा संसार दोन पाळ्यांत चालायचा. मी पॅकिंगला फर्स्ट शिफ्टमध्ये, हे दुसऱ्या कंपनीत कायमचे नाईटला. मी दुपारी घरी यायचे तेव्हा हे घोरत असायचे, आणि हे सकाळी यायचे तेव्हा मी बसमध्ये. जागेपणीची भेट म्हणजे संध्याकाळचा चहा आणि ह्यांचा डबा भरणं. शेजारीण चिडवायची, की तुमचं लग्न कंपनीनंच लावलं असणार.

दोघांत मिळून एक जुना लॅपटॉप होता. सकाळी झोपण्याआधी हे त्यावर काहीबाही बघायचे आणि तसाच मिटून ठेवायचे. दुपारी मी उघडला की ह्यांचं शेवटचं पान समोर. एकदा सहज कोपऱ्यातला डावीकडे तोंड केलेला बाण दाबला, तर त्याच्या आधीचं पान आलं. पुन्हा दाबला, त्याच्याही आधीचं. कांद्याचा बाजार, दौंडचं हवामान, कुरकुंभला कुठल्या कारखान्यात जागा निघाल्यात ते. मला त्याची चटकच लागली. दिवसभर न बोलणारा माणूस असा मागं मागं जाऊन भेटायचा. बघून झालं की उजवा बाण दाबत दाबत परत होतं तिथं आणून ठेवायचं, म्हणजे कुणी हात लावला असं वाटू नये.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. मी त्याच लॅपटॉपवर गुपचूप पुण्याच्या दवाखान्यांची पानं बघायचे, उपचार काय, किती त्रास होतो ते. आणि एका दुपारी बाण दाबता दाबता ह्यांचं एक पान आलं. मूल दत्तक कसं घ्यायचं, त्याचं.

आनंद व्हायला हवा होता, पण माझं डोकंच तिरपागडं. मला वाटलं, ह्यांनी माझी आशा सोडली. मी पान तसंच बघत बसले होते, तेवढ्यात बाहेर नळाला पाणी आल्याची ओरड झाली. कारेगावात पाणी आलं म्हटल्यावर बाई हातातलं लेकरूसुद्धा खाली ठेवते. मी हंडा घेऊन पळाले, आणि पान पुढं न्यायचं राहून गेलं.

परत आले तर हे उठून लॅपटॉपसमोर बसलेले. समोर तेच पान. मी डोक्यावर हंडा घेऊन दारातच थबकले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. मग ह्यांनी हळूच लॅपटॉप मिटला आणि विचारलं,

"चहा ठेवतेस का?"

ठेवला. नळावर चार बायकांना गप्प करणारी मी, तिथं मूग गिळून बसले. विषय ह्यांच्या मनातला, तर ह्यांनीच काढावा, हा माझा ताठा. त्यानंतर मी मागची पानं कधी बघितली नाहीत. पुढं दोघांना दोन मोबाईल आले, लॅपटॉप माळ्यावर गेला, आणि खोली सोडून आम्ही शिरूरला राहायला आलो.

परवा खुटबावला पुतणीच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्यातलं ते गाठोडं सगळ्यांनी आळीपाळीनं घेतलं, ह्यांनी मात्र परत द्यायला फार वेळ लावला. येताना चौफुल्याला चहाला थांबलो. कप समोर आला आणि हे एकदम म्हणाले,

"त्या दिवशी तू काहीतरी बोलशील वाटलं होतं."

कुठल्या दिवशी, ते विचारावं लागलं नाही.

"तुम्ही तर चहा मागितलात."

"तुझं तोंड किती उतरलं होतं. आन् तुझी ती दवाखान्याची पानं मीबी बघायचो, बाण दाबून. म्हटलं, हिला सोताचंच पाहिजे. कशाला दुखवायचं?"

"अहो, मला वाटलं, तुम्हाला मीच नको झाले."

चहावर साय धरली तरी ह्यांचा कप तसाच. मला इतका राग आला, ह्यांचा, माझा, त्या मेल्या नळाचा, की गाडीवर मागं बसून शिरूर येईपर्यंत रडले. वाऱ्यानं डोळ्यात धूळ गेली म्हणायला तरी सोय होती.

घरी आल्यावर मी मोबाईलवर ते पान शोधलं आणि ह्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचलं. आमच्या वयाला आता तान्हं मूल मिळत नाही. मिळालं तर मोठं, तेही नंबर लागेल तेव्हा. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"तवाच आणलं असतं, तर आता शाळंतनं यायची येळ झाली असती."

माझ्या ओठावर 'चहा ठेवते' आलंच होतं. गिळलं, आणि तिथंच ह्यांचा हात धरून बसले.