हात न टेकता

आमच्या पेडण्यात जमिनीला हात न टेकता उठणारे दोघेच: आमचा कोंबडा आणि पाडेलीमामा. त्यात कोंबड्याला हातच नाहीत. मामाला होते, चांगले खोऱ्याएवढे. पण सत्तरीतही ते त्याने उठण्यासाठी कधी वापरले नाहीत. नारळ पाडणं हा त्याचा धंदा. चोपड्याच्या एका माडावरून त्याने मोपाला उतरणाऱ्या विमानातल्यांकडे तंबाखूसाठी चुना मागितला होता. मी खालून पाहिलंय.

डिचोलीच्या खाणींवर बारा वर्षं ट्रक हाकून माझी कंबर गेली. शिंकलो की किंकाळी तेरेखोलच्या किल्ल्यावर आदळायची. बायको म्हणते, परसापर्यंतच. पण एक खरं. आमची तीन वर्षांची पोर हात वर करून समोर यायची, आणि मी खिशात किल्ली शोधत असल्याचं नाटक करायचो.

मामाने ते पाहिलं. "पुता, आदी जमनीर बस. आता हात न टेकता ऊठ."

मी उलट्या कासवासारखा पडलो.

"जमीन काय पळान जाता? परत बस."

मग रोज उकिडवं बसून नारळ वेचायचे, दोन्ही हातांत दोन-दोन धरून शेताच्या बांधावरून ताठ चालायचं, शेवटी भरलेली टोपली उचलायची. "उचलताना कमरेक सांगा नको, पायांक सांग," एवढंच त्याचं शास्त्र. माझा भाचा जिमला जातो. म्हणाला, याला फंक्शनल ट्रेनिंग म्हणतात. मामा म्हणाला, "नाव बरा आसा. नारळांक सांगतंय."

चतुर्थीच्या आधी मी पोरीला उचललं. आठवडाभर खाली ठेवलीच नाही.

"खाली घाल रे तिका," मामा ओरडला, "चलाक विसरात ती!"

यंदा शिमग्यानंतर मामा आजारी पडला. भेटायला गेलो तर खाली चटईवर. बाहेर बसून माड बघायचे होते त्याला. उठू लागला, आणि त्याचा हात जमिनीकडे गेला. टेकायच्या आधी थांबला. मग तो हात त्याने माझ्याकडे केला.

मी उकिडवा बसलो, त्याला छातीशी धरलं. हे फुगवून सांगत नाही: पोरीपेक्षा थोडासाच जड होता.

"कमरेक सांगा नको," तो कानाशी पुटपुटला.

"नाय, मामा. पायांकच सांगितलंय."

बाहेर ओसरीतल्या सोप्यावर बसवला. बराच वेळ तो शेंड्यांकडे बघत राहिला. चार दिवसांनी गेला, जमिनीला हात न टेकताच.