क्रांतीचे आर्थिक आधारस्तंभ

कुपवाडला माझं प्लॅस्टिकचा माल काढायचं छोटं वर्कशॉप आहे. बाटल्यांची टोपणं, खुर्चीच्या पायांचे बूट, असलंच काहीबाही. गेल्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका देशातून शिट्ट्यांची मोठी ऑर्डर येणार होती. नमुना पाठवला, तो नापास झाला. हे फक्त मला आणि माझ्या मुलीला ठाऊक, कारण वर्कशॉपची पत्रं तीच लिहिते. बाकी गावाला मी आधीच सांगून बसलो होतो की आपला माल परदेशी चाललाय. माझ्या तोंडाला कुलूप कधी लागलंय!

दोन महिन्यांनी त्याच देशात लोक रस्त्यावर उतरले आणि सरकार पडलं. टीव्हीवर हजारो माणसं शिट्ट्या फुंकतायत. शेजारचा लेथवाला धावतच आला. हा गडी दिवसभर मोबाईलवर जगाची गुपितं वाचतो आणि त्याचं एकच म्हणणं, कुठल्याबी क्रांतीमागं एक शेठ असतोय.

"गड्या, माल रोख दिलास का उधार?"

"उधार," मी म्हणालो. देणार होतो ते उधारच, त्यामुळं अगदीच खोटं वाटलं नाही.

"मंजे पैसा तूच लावलास की रं!"

ते मी खोडून काढलं नाही. खरं सांगतो, लय बरं वाटलं. पंचवीस वर्षं टोपणं काढली, कुणी कुत्रं विचारत नव्हतं.

चौथ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. माझा फोटो, त्यावर काळा गॉगल. मी गॉगल घालत नाही, तो त्यांनीच चढवला. खाली 'परदेशी क्रांतीचे आर्थिक आधारस्तंभ यांचे हार्दिक अभिनंदन'. शाल झाली, नारळ झाला. एकानं तर हळूच बाजूला घेऊन विचारलं, आमच्या सोसायटीचा चेअरमन पाडायला किती खर्च येईल?

त्याच आठवड्यात पाटणहून पाहुणे आले. मुलगा फौजेत, वडील रिटायर सुभेदार. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता आणि त्या दिवशी सुपारी फुटायची होती. सुभेदार आले ते फ्लेक्स वाचूनच. चहाला हात लावला नाही.

"पाव्हणं, माझा पोरगा सरहद्दीवर हाय. दुसऱ्याची सरकारं पाडणाऱ्याच्या घरात सोयरीक? जमायचं न्हाई."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"आवं, शिट्ट्या गेल्याच न्हाईत! नमुनाच नापास झालाय," मी सगळ्यांदेखत लाज गिळून सांगितलं.

सत्काराला आला होता तसाच आजही येऊन बसलेला लेथवाला खुर्चीतून उठला. "ऐकलंत? खरा शेठ कवा कबूल करतोय व्हय!"

सुभेदारांनी मान डोलावली. "बरोबर हाय. आमी असली माणसं लय बघितलीत." आणि चपला शोधायला लागले. मी जेवढं नाही म्हणावं तेवढा मोठा शेठ ठरत होतो. त्या लेथवाल्याचा गळाच धरावासा वाटला मेल्याचा.

तेवढ्यात पोरगी मोबाईल घेऊन बाहेर आली. परदेशाहून आलेलं पत्र तिनं मराठीत करून मोठ्यानं वाचलं. 'आपल्या शिट्ट्या वाजत नाहीत. फुंकल्यावर फक्त थुंकी बाहेर येते.' मग माझं उत्तर वाचलं. 'साहेब, चूक झाली. साचा बदलतो, एक संधी द्या.'

सुभेदार उंबऱ्यातच थांबले. "थुंकी?"

"व्हय," मी म्हणालो.

ते हसायला लागले ते थांबेनातच. डोळे पुसत परत येऊन बसले. "मंग ह्यो काय सरकार पाडतोय! आणा तो चहा." सुपारी फुटली. लेथवाला तेवढा हिरमुसून बसला.

सगळे पेढ्यांत गुंतले आणि मी पोरीकडं बघत राहिलो. माझ्या त्या उत्तरात शेवटी आणखी एक ओळ होती. 'पोरीचं लग्न काढलंय साहेब, दया करा.' ती तिनं वाचलीच नाही. ती ओळ टाईप करताना तिचा हात थांबला होता आणि मी तिच्यावर खेकसलो होतो, लिही की, बघत काय बसलीयस.