घोडीचा गूळ

नंदुरबार स्टेशनावर उतरलेल्या माणसाची आमच्या फुवांइतक्या कळकळीने निराशा करणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या पश्चिम खानदेशात नव्हता. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. स्टेशनासमोर त्यांचं चहाभज्यांचं हॉटेल होतं. गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आत ते सांगून टाकत, "भजी आज बरी नई शे. कालनी चांगली व्हती." कोणी तापीकाठच्या प्रकाशा गावी निघालेला दिसला की, "तापीले पानी शे. नाव बंद व्हई. मांगे फिरी जा." नाव चालू असे, भजी झकास असत, आणि माणूस पोटभर खाऊन तापीकडे रवाना होई. आत्या म्हणायची, "लगीनना मांडवमां माले म्हने, तुन्हं काही खरं नई!"

हॉटेलासमोरच टांग्यांचा अड्डा होता. तिथे फुवांचा एकच कायदा चाले, "घोडाले पहिले, मंग माणूसले." घोड्याच्या तोंडात गुळाचा खडा गेल्याशिवाय टांगेवाल्याला चहा मिळत नसे. धुडकू टांगेवाल्याची पांढरी घोडी तर सरळ दारातून आत मान घाली. फुवा तिला गूळ देत आणि बजावत, "तू यंदा जगत नई." ती दरवर्षी जगत होती.

मग मोटारी आल्या. मोटारींचे मालक एक शेठ म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे राहिले. टांग्यांचा अड्डा रेल्वेच्या फाटकापलीकडे हलवायचा आणि ती जागा मोटारींना द्यायची, हा त्यांचा बेत उघड होता. अड्डा गेला की हॉटेल गेलंच. जन्मात कशाची आशा न धरलेले फुवा त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. महिनाभर त्यांनी झाडून सगळ्या टांगेवाल्यांना भजी चारली. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, यावर त्यांचा फार विश्वास.

मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या कचेरीत शिकाऊ कारकून होतो. मतदारांची यादी मीच माझ्या हाताने उतरवली होती. मत फक्त घरपट्टी भरणाऱ्याला, आणि यादीत एकाही टांगेवाल्याचं नाव नव्हतं. रोज संध्याकाळी हे सांगायचं ठरवून मी हॉटेलात जाई. पण फुवा हसत असत. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझी जीभ रेटली नाही, आणि मी भजी खाऊन परत येई. त्याची लाज मला आजही वाटते.

मतदानाच्या दिवशी सकाळी फुवा टांगेवाल्यांना म्हणाले, "चला, मत द्या." धुडकूने खाली मान घातली. "भाऊ, आम्हले मत नई शे."

"मंग महिनाभर भजी कसाले खाद्यात?"

"तुम्हना इतला आग्रह, मंग नई कसं म्हनानं?"

फुवांनी भज्यांची कढई उतरवली. टांगेवाले मात्र मिठाला जागले. मत नसलं तरी टांगा होता. दिवसभर त्यांनी मतदारांना फुकट ने-आण केली. आता टांग्यात बसला तो पाहुणा, आणि पाहुण्याला मत कुणाला हे विचारायचं नाही, ही त्यांची रीत. एरवी अंथरुणातून उठले नसते असे शेठचे म्हातारेकोतारेसुद्धा धुडकूच्या टांग्यातून थाटात आले आणि शेठला मत देऊन गेले. फुवा पडले.

अड्डा हलला. तरी घोडी कित्येक दिवस सवयीने हॉटेलाशी थांबायची आणि फाटकाकडे जायला तयार नसायची. पुढे धंदा बसला, आणि धुडकूने तिला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत विकलं. तिचा नवा मालक दर यात्रेला येतो असं कळलं, म्हणून पुढच्या वर्षी फुवा खिशात गूळ घेऊन त्या यात्रेला गेले. मीही सोबत होतो. दिवसभर ते एकटेच घोड्यांमधून फिरले आणि संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले.

"दिखनी का?" मी विचारलं.

"दिखनी. बरी शे."

"गूळ दिधा?"

"नई. गूळ दिधा की ती मन्हा मांगे येस. मंग तिन्हा नवा मालकनं काय?"

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "यादीमां त्यास्नी नावे नई, तुले मालूम व्हतं ना?"

मी मान हलवली. फुवांनी खिशातला खडा काढला, वरची धूळ झटकली आणि माझ्या हातावर ठेवला. "खाय," ते म्हणाले. "बरा नई शे."

गूळ चांगला गोड होता.