पुस्तकाला परखी लावणारा मच्छिंद्र

मच्छिंद्र गाडेकरवर लिहायचं म्हटल्यावर आमच्या वाचनमंडळातल्या एका बाईंनी विचारलं, "त्याच्यात लिहिण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, आधी वाचा, मग सांगा. प्रस्तावनेत वेळ घालवायची मला सवय नाही.

मच्छिंद्र जाफराबादकडचा. घरची जमीन थोरले दोघे भाऊ करत होते, म्हणून याला जालन्याला कॉलेजात घातलं. मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. विद्यार्थी म्हणून त्याची एकच गोष्ट लक्षात राहिली. पुस्तक परत करताना ते कसं होतं हे कुणी न विचारता सांगायचा. "शेवटचे दोन धडे उरकलेले हायेत बाई." बहुतेक वेळा ते खरं असे.

बी. कॉम. होऊन तो काकासाहेबांच्या बियाणे कंपनीत लागला. काम नमुने काढायचं. टोकदार, पोकळ सळई असते, तिला आमच्याकडे परखी म्हणतात. ती पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी खुपसायची, हाती येतील ते दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवतात ते पाहायचं. त्यावर अख्ख्या मालाचा निकाल. मच्छिंद्रचा हात यात चांगला बसला होता. पण बियाण्याला औषध चोळलेलं असतं आणि गोदामात त्याची धूळ उडत असते. पाच-सहा वर्षांत त्याला दमा जडला. रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. डॉक्टरांनी गोदाम सोडायला सांगितलं. सोडून जायचं कुठं, हे काही डॉक्टर सांगत नाहीत.

नव्वदच्या पुढं कंपनीत कॉम्प्युटर आला. काचेची खोली, एसी, चपला बाहेर. मच्छिंद्रची टायपिंगची परीक्षा झालेली होती, म्हणून काकासाहेबांनी त्याला आत बसवलं. गोदामातले लोक त्याला "फ्रीजमधले साहेब" म्हणू लागले. त्याची बायको उषाबाई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आता आडवे पडून झोपतात." एवढंच म्हणाली आणि भेंडी निवडायला लागली.

अठ्ठ्याण्णव साली काकासाहेबांनी ठरवलं की जुना कारभार बंद, आता मोठा डेटाबेस घ्यायचा. कोणत्या शेतकऱ्याकडून कोणता लॉट आला, किती उगवला, कोणत्या दुकानाला गेला, सगळं एका जागी. मच्छिंद्रला बोलावून सांगितलं, "गुढीपाडव्याच्या आसपास पुण्याचे लोक बसवून देतील. तुला सांभाळता आलं तर ठीक. न्हाई तर पुण्याहून पोरगा आणतो, तू गोदामात ये परत." काकासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं, गोदामही नोकरीच आहे.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात हजर.

"बाई, डेटाबेसचं पुस्तक पाहिजे."

"आपल्याकडं कॉम्प्युटरची तीन पुस्तकं आहेत. तिन्हींत कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगितलंय."

"ते ठाऊक झालंय आता."

"मग अप्पारावांची पेटी येऊ दे."

अप्पाराव औरंगाबादचे पुस्तकविक्रेते. वर्षातून दोनदा एस.टी.च्या टपावर पेट्या टाकून यायचे, पुस्तकं पसंतीसाठी ठेवून जायचे आणि पंधरवड्यानं येऊन नको असलेली घेऊन जायचे. त्या वेळी डेटाबेसची पाच पुस्तकं आणली. एका जाडजूड पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, पुण्याचे इंजिनिअर हेच वापरतात. वर सीडी फुकट."

मच्छिंद्रनं पाचही पुस्तकं ओढून घेतली. प्रत्येक पुढून, मधून आणि मागून उघडलं आणि पानांत चिठ्ठ्या घातल्या.

"हे काय करून राह्यला?" अप्पाराव म्हणाले.

"नमुना काढून राह्यलो. इथला प्रोग्रॅम टाइप करून बघतो. चालला तर पुस्तक चांगलं."

"अरे बाबा, पुस्तक आहे का तुरीचं पोतं?"

"पोत्याला तरी कुणी फुकट सीडी देत न्हाई अप्पाराव. मला तिथंच शंका आली."

मी हसले, आणि पुस्तकं माझ्या सहीनं त्याला दिली. पुण्याच्या लोकांनी सरावासाठी नवी प्रणाली एका मशीनवर आधीच टाकून दिली होती. कंपनीची सुटी शुक्रवारी. दोन शुक्रवार तो खोलीत बसून टाइप करत राहिला. निकाल घेऊन आला तो खुशीत. एका पातळ पुस्तकातले तिन्ही नमुने बिनतक्रार चालले होते. जाड पुस्तकातला पहिला चालला, मधला आणि मागचा, दोन्ही अडले.

"पुण्याचे इंजिनिअर हे वापरत असतील तर मंग अवघडच हाये," तो म्हणाला. पातळ पुस्तक ठेवलं, जाड अप्पारावांच्या पेटीत परत गेलं.

पातळ पुस्तक खरंच चांगलं होतं. तक्ता कसा बांधायचा, हवी ती माहिती कशी काढायची, प्रोग्रॅम कसा लिहायचा, सगळं सोप्या इंग्रजीत. दिवाळीपर्यंत त्यानं ते संपवलं. गोदामात गेल्या खरिपाचा माल किती उरला हे तो दोन मिनिटांत काढून दाखवायला लागला. काकासाहेबांनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

मग संक्रांतीनंतर एके दिवशी दुपारी वीज गेली. जालन्यात वीज जाणं ही बातमी नाही, पण त्या दिवशी बॅटरीही बसलेली होती. वीज आली, मशीन सुरू झालं, आणि डेटाबेस काही उघडेना. सरावाचं मशीन, म्हणून नुकसान झालं नाही. मच्छिंद्रनं पातळ पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. त्यात यावर अवाक्षर नव्हतं. ते पुस्तक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी होतं. डेटाबेस जिवंत कसा ठेवायचा, पडला तर उभा कसा करायचा, हा वेगळा विषय आहे आणि त्याची पुस्तकं वेगळी असतात, हे आम्हा दोघांनाही तोवर माहीत नव्हतं.

तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पाण्याचा ग्लास दिला तो तसाच धरून बसला.

"बाई, पोत्यात काय हाये ते परखी सांगते. काय न्हाई, ते सांगत न्हाई."

"मग आता?"

"त्या जाड पुस्तकात होतं. मधल्या नमुन्यात मी तेच टाइप करत होतो, बिघडल्यावर परत उभं करायचं. मला वाटलं, पुस्तकच खोटं."

"मग अडलं का?"

"त्याच्याआधी काहीतरी चालू करून ठेवायचं असंल. आधीच्या धड्यात सांगितलं असंल. मी मधूनच सुरू केलं. तूर कुठूनबी काढली तरी तूर. पुस्तक तसं नसतं वाटतं."

हे कळायला मला पंचवीस वर्षं पुस्तकांत काढावी लागली नव्हती, पण त्याला मी ते बोलून दाखवलं नाही. सरळ अप्पारावांना फोन लावला. जाड पुस्तक अंबडच्या एका कॉलेजनं घेतलं होतं. दुसरी प्रत मागवायची तर दोन महिने. पाडवा त्याआधी येत होता.

पुढच्या शुक्रवारी मी आणि मच्छिंद्र एस.टी.नं अंबडला गेलो. तिथले ग्रंथपाल रामराव माझ्या ओळखीचे, पण नियमाचे पक्के.

"बाहेरच्या माणसाला पुस्तक देता येत नाही ताई."

"बाहेरच्याला कुठं, मला द्या. कॉलेज ते कॉलेज."

"आणि आमच्या मुलांनी मागितलं तर?"

"आजपर्यंत कुणी मागितलंय?"

रामराव खिडकीकडे गेले. खिडकीचं दार आपटू नये म्हणून ते पुस्तक मध्ये लावलेलं होतं. त्यांनी ते काढलं, फडक्यानं पुसलं, आणि दार धाडकन आपटलं. "एक महिना," ते म्हणाले. परत येताना मच्छिंद्रनं बसमध्ये ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चिठ्ठ्या नाहीत, काही नाही. रोहिलागड फाट्याला मी काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकूच गेलं नाही.

महिना उलटून गेला तरी पुस्तक आलं नाही. रामरावांचं स्मरणपत्र आलं. सही माझी होती, त्यामुळं मी पिशवी घेऊन कंपनीत गेले. नेमका त्याच दिवशी पुण्याच्या लोकांचा शेवटचा मुक्काम होता. काचेच्या खोलीत काकासाहेब, मच्छिंद्र आणि पुण्याची पंचविशीतली इंजिनिअर मुलगी. मी चपला काढून आत गेले. पुस्तक मच्छिंद्रच्या मांडीवर उघडं होतं. मागायची ती वेळ नव्हती, एवढं मलाही कळतं.

मुलीनं मुद्दाम एक फाइल काढून टाकली आणि म्हणाली, "आता परत आणा."

मच्छिंद्रनं पुस्तकात बोट ठेवलं आणि एकेक ओळ टाइप करायला लागला. काकासाहेबांनी वाकून पुस्तकात पाहिलं. मग म्हणाले, "हा तर पुस्तकात बघून करून राह्यला."

"बघूनच करायचं सर," मुलगी म्हणाली. "पाठ म्हणून करणाऱ्यांची मला भीती वाटते."

"आणि बघायला वेळ न्हाई मिळाला तर?"

"मिळतो. बंद पडल्यावर वेळच वेळ असतो."

चहा येऊन निवून गेला. मग पडद्यावर लॉटची यादी आली. काकासाहेब पुढं झुकले. "आलं का समदं? दोन-चार काढून बघ की."

"दोन-चार न्हाई मालक. सगळे मोजतो."

"जल्दी कर मंग."

"जल्दी न्हाई व्हायचं हे."

मालकाला असं उत्तर देणारा मच्छिंद्र मी पहिल्यांदा पाहत होते. आदल्या संध्याकाळी छापून ठेवलेला लॉटचा आकडा त्यानं पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला, मग एकेका गावाचा वेगळा काढून पाहिला. बरोबर आलं. काकासाहेब उठले, दारात चपला घालत बाहेर बसलेल्या मुनीमजींना म्हणाले, "पुण्याच्या पोराला नको म्हणून कळवा." मच्छिंद्र खुर्चीत मागं टेकला आणि त्यानं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं.

"कसं होतं?" मी विचारलं.

"वजनदार हाये बाई. पण पुरं हाये."

या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली. मी निवृत्त झाले. कॉलेजात आता कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम आहे आणि त्याची पुस्तकं निवडायला मच्छिंद्रला बोलावतात. गेल्या महिन्यात तो पुस्तकांचं बाचकं खांद्यावर टाकून माझ्याकडं आला. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दार उघडून मी वरून पाहत होते. कोणतं पुस्तक परत पाठवायचं आणि का, हे तो खालच्या पायरीपासूनच सांगायला लागला आणि वर पोचेपर्यंत दम खायला मध्ये एकदाही थांबला नाही.