चंबळमधलं आमचं घर

मारामारीच्या सिनेमांवर आमच्या चुलत सासऱ्यांइतका दात धरून बसलेला माणूस साऱ्या भोर-वेल्ह्यात सापडायचा नाही. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सगळी उमर रस्त्याच्या कामावर मुकादमी करण्यात गेली, त्यामुळे घाटाचं वळण न् वळण त्यांना पाठ. हिरोची मोटार आमच्या वरंध घाटात शिरली आणि पुढच्याच वळणावर बर्फ लागला, की अण्णा टीव्हीसमोर उभे राहायचे. "अवो, त्या वळणाला भज्याची टपरी हाय! बरफ कुठनं आला?" पुढचा सिनेमा आम्ही त्यांच्या पाठीवर बघायचो. जत्रेच्या तंबूत तर ते काठी घेऊन थेट पडद्यापाशी गेले. "ह्यो डोंगर आमचा हाय, काश्मीरचा न्हाई!" नटीच्या तोंडावर अण्णांच्या मुंडाशाची सावली, मागून शिट्ट्या आणि शिव्या, पण हे हटायला तयार नाहीत.

सगळ्यात जास्त राग उड्यांवर. कौलावरून उडी मारून माणूस उभाच्या उभा राहतो, हे त्यांना सहन होत नसे. पाय मोडतोच, हे घरातल्या पोरांना पटेना, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी अण्णांनी पडवीच्या कौलांवरून स्वतः उडी मारली. पाय मोडला. पण भेटायला येईल त्याला प्लास्टर असं दाखवायचे, जसा काही खटला जिंकलाय. "बगा, मोडतोय का न्हाई?" तेव्हापासून ते लंगडतात. आम्ही हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही.

अण्णांची वाडी गुंजवण्याच्या बाजूला होती, ती धरणाच्या पाण्यात गेली. पुनर्वसनासाठी बुडणाऱ्या घरांची यादी झाली तेव्हा अण्णांचं घर कुणीतरी 'गोठा' म्हणून लिहिलं. गोठ्याच्या बदल्यात घराची जागा मिळत नाही. शेजारी साक्ष द्यायला उभे राहिले, पण त्यांचीही नावं त्याच यादीत, म्हणून ती साक्ष कुणी धरली नाही. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. अण्णा शिवऱ्याला आमच्या पडवीत राहायला आले आणि पाहुण्यासारखे अंग चोरून राहिले. "भावाकडं किती दिस ऱ्हायाचं, सूनबाई? दार आपलं पायजे," म्हणायचे.

माझं नसरापुरात झेरॉक्सचं दुकान आहे. गेल्या वर्षी तिथं बसल्या बसल्या मोबाईलवर एक जुना सिनेमा लागला आणि मी ओरडलेच. धरणाच्या आधी अण्णांच्या अंगणात डाकूंची मारामारी चित्रित झाली होती, तोच हा! मागं घर, चुलीचा धूर, आणि दारात बसलेली अण्णांची आई. शूटिंगवाल्यांनी तिला परोपरीनं उठवायला पाहिलं होतं, पण म्हातारी म्हणाली, "माज्या दारात बसाया कुनाला इचारू?" आणि बसूनच राहिली. गोठ्यात कुणी चूल घालत नाही. पुरावा सापडला होता! पण घर दिसतं ते चारच सेकंद, आणि त्या चारही सेकंदांत खाली ठळक अक्षरांत 'चंबळ'. मग स्फोट होतो आणि नुसता धूर.

मी गुपचूप कॉम्प्युटरवर ती अक्षरं पुसून फोटो काढला. अण्णांनी तो हातात घेतला आणि विचारलं, "चंबळ कुठं गेलं?"

"पुसलं. नाहीतरी खोटंच होतं ना?"

"तेंनी एक खोटं केलं, म्हणून आपुन दुसरं करायचं? हाय तसा दे."

माझा असा संताप झाला! जागा हातची जातेय आणि म्हातारा तत्त्व धरून बसलाय. शेवटी चंबळसकट फोटो दिला आणि त्यांच्याबरोबर पुनर्वसनाच्या ऑफिसात गेले.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं फोटो नीट पाहिला. "आजोबा, इथं तर चंबळ लिहिलंय."

"खोटं लिवलंय, सायेब. पिच्चरवाले सगळं खोटंच दावत्यात."

"मग हे घर तरी खरं कशावरून? उभारलं असेल शूटिंगला."

जन्मभर पडद्याशी भांडलेल्या माणसानं फोटो उचलून पिशवीत घातला. आम्ही एसटीनं परत आलो. यादीत गोठा तो गोठाच राहिला.

आठवड्यानं अण्णा दुकानात आले. "आयचा दुसरा फोटू न्हाई. येवडी आयच मोटी करून दे." फोटोत ती बोटाच्या पेराएवढी. मोठी केली तर नाक कुठं, डोळे कुठं, काही उमजेना. नुसता एक करडा ठिपका, वर पदरासारखं काहीतरी. हा माणूस भज्याच्या टपरीची चूक सोडत नाही, मला काय सोडणार, म्हणून मी आधीच म्हटलं, "अण्णा, चेहरा नाही हो आला." त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हीच हाय."

आता तो फोटो चौकट करून आमच्या पडवीत लावलाय. येणारेजाणारे विचारतात, हे कसलं चित्र? अण्णा सांगतात, "आमची आय. दारात बसलीय."