दगडाबाईचा शेरा

शालूबाई दामले नौपाड्यातून खाडीकाठच्या पालिकेच्या शाळेत चालत जायच्या आणि वाटेतल्या साडीच्या दुकानांतून रिकामे खोके मागून घ्यायच्या. दुकानदार ओळखीचे झाले होते. "बाई, साडी कधी घेताय?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "खोके संपले की."

त्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्या चिठ्ठ्या करत. एका चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत एकच शब्द. माठ, सूप, विळी, पाट. पहिलीतल्या प्रत्येक मुलाला शनिवारी पाच चिठ्ठ्या मिळायच्या. मुलांनी त्या घरी नेऊन ज्या त्या वस्तूला बांधायच्या आणि रोज आईबापांना वाचून दाखवायच्या. कारण प्रगतिपुस्तक काय, ज्याला वाचता येतं त्याच्या कामाचं. कोळीवाड्यातल्या निम्म्या आया त्यावर मुकाट अंगठा उठवत आणि ते फळीवर टाकून देत. पण घरभर शब्द लटकायला लागले की आपलं पोर कुठवर आलंय ते कुणालाही दिसेल, असा बाईंचा हिशेब. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना सुचलेली ही सगळ्यात चांगली युक्ती होती आणि ती चांगली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं की "छे हो" म्हणायच्या, पण मान ताठ व्हायची ती व्हायचीच.

सत्त्याऐंशी साली वर्गात शेवंती होती. चुणचुणीत, बडबडी. बाई तिच्या घरी गेल्या तर तिनं चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या धडाधड म्हणून दाखवल्या. पुस्तकातला धडाही एका दमात. बाईंनी सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात 'वाचन' पुढे 'उत्तम' लिहिलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पालकांना बोलावलं, तेव्हा शेवंतीची आई दगडाबाई बाजारातून थेट आली. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवली आणि आत येऊन उभी राहिली. दगडाबाईला अहो-जाहो ठाऊक नव्हतं. मामलेदार आला तरी त्याला ती अरे-तुरेच करायची.

"मना नाय उठवायचा अंगठा," ती म्हणाली. "तू खोटा लिवलंस, बाय."

बाकीच्या आया माना वळवून बघायला लागल्या. शालूबाईंचे कान तापले.

"खोटं? अहो, तुमची मुलगी वर्गात पुढे आहे."

"काल मी माठाची चिठ्ठी सुपाला बांधली न सुपाची माठाला. पोर माठाकडं बघून 'माठ' बोलली, सुपाकडं बघून 'सूप'. ती चिठ्ठी नाय वाचत, घर वाचते. मी शिली मासली ताजी बोलून विकली त गिराईक परत येल कं?" तिनं प्रगतिपुस्तक बाकावर ठेवलं. "इथं येऊन शिकत नाय, त माज्यासंगती बाजारात बसेल. कोलंबी तरी सोलेल."

आणि गेली. पालकाच्या शेऱ्याचा रकाना कोराच राहिला.

बाईंना आधी राग आला. जिला स्वतःला 'अ' ओळखता येत नाही, तिनं माझं शिकवणं तपासावं? रागातच त्यांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'माठ' लिहिलं आणि शेवंतीला उभं केलं. पोरीनं फळ्याकडे पाहिलं, मग वर्गभर नजर फिरवली. वर्गात माठ नव्हता. बाईंनी पुस्तकातली ओळ मधूनच विचारली, तेव्हा तिनं धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.

"बस, बाळ," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच बसावंसं वाटत होतं. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी सगळ्यांना असंच तपासलं आणि आणखी दहा मुलं तशीच निघाली. शेवंती बाजारात बसली तर ती माझ्या 'उत्तम'मुळे बसेल, हे त्यांच्या मनातून हटेना. पण शालूबाई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. संध्याकाळी सरळ कोळीवाडा गाठला.

"दगडाबाई, माझं चुकलं. शिमग्यापर्यंत तिला शाळेत राहू द्या. तोवर वाचायला लागली नाही, तर मी परत दार वाजवणार नाही."

दगडाबाई जाळ्याला गाठी मारत बसली होती. तिनं बाईंकडे नीट निरखून पाहिलं.

"ऱ्हाऊदे मंग. पन तपासनार मी."

"तुम्ही कशा तपासणार?"

दगडाबाईनं माठाच्या चिठ्ठीच्या दोऱ्याला एक गाठ मारली, सुपाच्या दोऱ्याला दोन. "आता मना समजल कनची कोनाची." बाई मनात म्हणाल्या, ट्रेनिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही.

मग वर्गात शब्द मोडायला सुरुवात झाली. माठातला म काढून विळीशेजारी मांडायचा, पाटातला ट सुट्टा करायचा. घरी रोज संध्याकाळी दगडाबाई सगळ्या चिठ्ठ्या सोडून सुपात घोळायची आणि शेवंतीनं एकेक उचलून वाचायची, मग बांधायची. चुकली की आईचा आवाज शेजारच्या चार घरांत ऐकू जायचा. बाईंनी बाकीच्या आयांनाही ही रीत सांगितली, आणि कुणाची ते नाव घेऊन सांगितली.

शिमग्याच्या आदल्या दिवशी बाई प्रगतिपुस्तक घेऊन गेल्या. कोळीवाड्यात होळीची तयारी चालली होती. दगडाबाईनं सूप पुढ्यात ठेवलं. आता साठ चिठ्ठ्या झाल्या होत्या. शेवंती एक उचलायची, ओठ हलवायची, बोलायची आणि धावत जाऊन बांधायची. माठ. चूल. टोपली. बाईंनी सहज एक चिठ्ठी हातात घेतली. दोरा गुळगुळीत होता.

"गाठी कुठे गेल्या?"

"पोर गाठी मोजाया लागली. लई हुशार. कापून टाकल्या सगल्या, महिना झाला."

एवढ्यात शेवंतीनं एक चिठ्ठी विळीला बांधली. बाई तोंड उघडणार, तोच दगडाबाई ओरडली, "थांब गो! ती विली नाय, वाटी. डोलं उघडून बघ."

शेवंतीनं पाहिलं, जीभ चावली आणि चिठ्ठी सोडून वाटीला बांधली. बाईंनी दगडाबाईकडे पाहिलं. ती पुढच्या चिठ्ठीची वाट बघत होती, आपण काही विशेष केलंय असं तिच्या गावीही नव्हतं. शालूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

साठही चिठ्ठ्या जागच्या जागी गेल्यावर त्यांनी प्रगतिपुस्तक उघडलं आणि 'वाचन' पुढचं 'उत्तम' खोडलं. "शेरा तुमचा. काय लिहू, सांगा."

दगडाबाईनं हात पदराला पुसले. "लिव, पोरीला वाचता येते. आईनं बघितला."

बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं. शेवंती वाचायला पुढे सरसावली, तर आईनं तिला हातानं मागे सारलं. ओळीखालून बोट सावकाश सरकत गेलं, दोनदा अडलं, परत मागे आलं आणि शेवटाला पोचलं.

"बरोबर लिवलंस," दगडाबाई म्हणाली आणि अंगठ्यासाठी शाई मागितली.