जात्यावरची नाताळगाणी

“टेक खराब झाला, बाई. परत घ्यावा लागेल.”

हे मी मार्थाबाईला सांगितलं आणि साफ खोटं सांगितलं. टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग. तो झकास झाला होता. त्यानंच तर माझं पित्त खवळलं.

परभणीत माझी छोटी रेकॉर्डिंगची खोली होती. नामांतराच्या आंदोलनानं बसगाड्या बंद होत्या, म्हणून चर्चच्या पास्टरसाहेबांनी बाईला ताडकळसकडून जीपमध्ये आणलं. सोबत तिचं दगडी जातं. नाताळच्या ओव्या तिला आईनं दळता दळता शिकवलेल्या. आई आता अंथरुणाला खिळलेली. दुसऱ्या दिवशी बाईची टोळी ऊसतोडीला निघणार होती, म्हणजे नाताळात ती फडात. आईला निदान कॅसेट तरी ऐकवायची, एवढंच तिचं मागणं. त्यासाठी हा एकच दिवस.

मी बारा वर्षं गाणं शिकलो. माझ्या भावगीतांची कॅसेट काढली, ती माझ्या बायकोनंसुद्धा दुसऱ्यांदा लावली नाही. आणि ही बाई जमिनीवर बसली, मूठभर ज्वारी जात्यात घातली, खुंटा धरला आणि सुरू.

पहिली माझी ओवी गं बेथलहेम गावाला
गव्हाणीत निजलेल्या तान्ह्या माझ्या देवाला

अंगावर सर्रकन काटा आला. जळलो मी. अक्षरशः जळलो.

“जात्याची घरघर लय येतीय,” मी कारण काढलं. “पीठ उडून मशीनमध्ये जाईल. ज्वारी काढा, रिकामंच फिरवा.”

“रिकामं जातं फिरवत न्हाईत, मास्तर. घराला बरं नसतंय.”

“हे घर नाही, स्टुडिओ आहे.”

तिनं पास्टरसाहेबांकडं पाहिलं. मशीनमधलं त्यांना काय कळणार? मी टेप मागं नेऊन त्याच जागेवर नवं रेकॉर्डिंग लावलं. म्हणजे आधीचं पुसलं गेलं.

रिकामं जातं खडखडलं. ओवीचा श्वास खुंट्याच्या ओढीवर चालतो. ओढ हलकी पडली की सूर सुटतो. तिचा सुटला. एकदा, दोनदा, चारदा. मला आतून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू?

शेवटी तिनं खुंटा सोडला आणि पास्टरसाहेबांकडं वळली. “ऱ्हाऊ द्या, साहेब. मायला आवाजावरून समदं कळतंय. म्हणंल, पोरगी रिकामं जातं फिरवायलीय, घरात दाणा न्हाई. सणाच्या दिवशी रडंल.”

आता मात्र मला बसवेना. घर मागंच होतं. आत गेलो, बायकोकडून सूपभर ज्वारी घेतली आणि बाईपुढं ठेवली.

“घाला. चूक माझी होती.”

माईक जात्यापासून हातभर लांब सरकवला. पहिल्यापासून एवढंच करायचं होतं. एका टेकमध्ये काम झालं. कॅसेट भरून झाल्यावर कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मी मोडल्या. त्या मोडल्या की मशीन वरून काही भरू देत नाही. मलासुद्धा.

नाताळ झाल्यावर पास्टरसाहेब आले. म्हणाले, “म्हातारीनं तीनदा ऐकली. म्हणाली, पोरीच्या जात्यात दाणा हाय, बरं हाय तिचं.”

मला बरं वाटलं. पण बायको रेकॉर्डिंगच्या दिवशी दाराशी उभी राहून ऐकत होती. भाकरी थापताना ती अजून तीच ओवी गुणगुणते. माझं एकही गाणं तिला पाठ नाही. मी अजून जळतो. फक्त टेप पुसत नाही.